वारुळं रांगेत नसतात

मीटिंग रूममधली माझी नेहमीची खुर्ची कुणीतरी घेतली होती, म्हणून मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले. त्यामुळे टेबलावर पसरलेला मोठा प्रिंट बाकी सगळ्यांना सुलटा आणि मला एकटीला उलटा दिसत होता. लाओस देशातल्या एका डोंगराळ गावाचा तो जुना, काळा-पांढरा फोटो. त्यावरून आमच्या कंपनीने केलेला रिपोर्ट क्लायंटला इतका आवडला होता की ग्रेग, म्हणजे आमचा डायरेक्टर, तो प्रिंट लॉबीत फ्रेम करून लावायचा म्हणत होता. फ्रेम काळी घ्यावी की लाकडी, यावर चर्चा चालली होती.

माझं फ्रेमकडे लक्ष नव्हतं. फोटोत गावाच्या वरच्या अंगाला एक माळ होता. त्या माळावर आमच्या लोकांनी छोटी हिरवी वर्तुळं काढून 'वारूळ, वारूळ' अशी लेबलं लावली होती. मी जिथे बसले होते तिथून मला एकही वारूळ दिसत नव्हतं. मला खड्डे दिसत होते.

मी फोटो इंटरप्रिटर आहे. विमानातून किंवा उपग्रहातून काढलेले फोटो वाचायचे, हे माझं काम. कुणाच्या लग्नात विचारलं तर मी 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगते, कारण खरं सांगायला गेलं की समोरचा माणूस ताट वाढून घ्यायच्या निमित्ताने सटकतो. भारतात शिकले, तिथेच काही वर्षं नोकरी केली, आणि गेली बरीच वर्षं अमेरिकेत, मिनियापोलिसजवळ ईडन प्रेरीच्या या कंपनीत आहे. हा रिपोर्ट झाला तेव्हा मी इथे नव्हते. आईचं आजारपण होतं म्हणून लांब सुट्टी घेऊन अमरावतीला गेले होते. परत आल्यावरची ही पहिलीच मोठी मीटिंग.

पुढचं कळायला त्या फोटोची कुळकथा सांगायला हवी.

अमेरिका आणि रशिया एकमेकांकडे डोळे वटारून बसले होते त्या काळात अमेरिकेने गुपचूप टेहळणी उपग्रह सोडले. लोकांना सांगितलं, विज्ञानाचे प्रयोग चाललेत. तेव्हा डिजिटल कॅमेरे नव्हते. उपग्रहात चक्क फिल्मची मैलोगणती रिळं भरलेली असायची. फिल्म संपली की ती एका डब्यात बंद करून वरून खाली सोडायची. डब्याला पॅराशूट असायचं, आणि तो समुद्रात पडायच्या आत एक विमान त्याला हवेतल्या हवेत आकड्याने पकडायचं. हे खरं आहे. माझ्या नवऱ्याला मात्र अजूनही वाटतं की मी थापा मारते. ती सगळी फिल्म पुढे कित्येक दशकं कुलपात पडून होती. मग सरकारने गुप्ततेचा शिक्का उठवला. आता तुम्हीआम्ही कुणीही त्या फोटोचं स्कॅन मागवू शकतो.

त्याच काळात अमेरिकेने लाओसवर वर्षानुवर्षं बॉम्ब टाकले, आणि तेही गुपचूप. मोठे बॉम्ब होते, आणि हवेत उघडणारे डबेही होते. एकेका डब्यातून टेनिसच्या चेंडूएवढे शेकडो बॉम्ब विखरायचे. त्यातले कितीतरी फुटलेच नाहीत. ते मातीत गेले, वर गवत आलं, आणि ते अजून तिथेच आहेत. तिथले लोक त्यांना 'बोंबी' म्हणतात. नाव कुणा लाडक्या मुलीचं वाटतं.

आमच्या कामाचा तर्क सोपा होता. मोठा खड्डा म्हणजे फुटलेला बॉम्ब, त्याचा धोका संपला. पण जिथे फुटलेले एवढे पडले, तिथे न फुटलेलेही असणार. म्हणून जुन्या फोटोतले खड्डे शोधायचे आणि नकाशावर लाल ठिपके द्यायचे. ठिपके जिथे जास्त तिथे जाऊ नये.

क्लायंट म्हणजे एक छोटी संस्था होती, आणि ती संस्था म्हणजे मुख्यतः मिस्टर बुनमी. मिनियापोलिसमध्ये आयुष्यभर स्कूल बस चालवून रिटायर झालेला, नुकती साठी गाठलेला माणूस. लढाईच्या शेवटी घरच्यांबरोबर नदी ओलांडून पळाला, निर्वासितांच्या छावणीत वाढला आणि इथे आला. त्याची थोरली बहीण सेंग मागेच राहिली, कारण तिचं लग्न झालेलं होतं. बुनमीला आपल्या गावात शाळा बांधायची होती. गावाने तीन जागा सुचवल्या होत्या. तिसरी जागा सेंगने दिलेली. वरचा माळ, बांबूची बेटं, गुरं चरायला ठेवलेला.

माझ्या सुट्टीआधी तो एकदा ऑफिसात आला होता. येताना सगळ्यांसाठी बांबूच्या टोपलीत चिकट भात घेऊन आला. त्याने मला एकच प्रश्न विचारला होता.

"मिस संध्या, तुमच्या फोटोत जमिनीच्या आतलं दिसतं का?"

"नाही. जमिनीवरचे खड्डे दिसतात. आत काय आहे ते मशीन घेऊन जाणारी माणसंच सांगू शकतात."

"त्या माणसांची आमच्या गावाची पाळी यायला खूप वेळ आहे," तो म्हणाला. "तोवर मुलं मोठी होतील."

म्हणून आमचा रिपोर्ट. तीनपैकी कमीत कमी वाईट जागा कोणती, एवढंच आम्ही सांगायचं होतं. रिपोर्टच्या पहिल्या पानावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं. पण बारीक अक्षर कोण वाचतो? खालच्या दोन जागा भाताच्या खाचरांच्या. तिथे लाल ठिपक्यांचा सडा. वरचा माळ हिरवागार, आणि त्यावर वारुळं. नकाशा बघणाऱ्याला दुसरं काय कळणार?

तर मीटिंगमध्ये मी म्हटलं, "हा प्रिंट जरा फिरवू का?"

ग्रेग म्हणाला, "का?"

"फिरवते आणि मग सांगते."

मी प्रिंट फिरवला. समोरच्यांसाठी उत्तर दिशा खाली आली. समोर बसलेला अनिकेत टेबलावर वाकला. अनिकेत हा त्या प्रोजेक्टचा लीड, पुण्याचा, माझ्या मुलाच्या वयाचा. ऑफिसात सगळ्यांसमोर मला 'संध्या' म्हणतो आणि आम्ही दोघंच असलो की 'काकू'. त्याने फोटोकडे पाहिलं, मग मान तिरकी करून पुन्हा पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"काकू," तो सगळ्यांसमोरच म्हणाला. "हे आत गेलेत."

काय झालं होतं ते सांगते. माणसाच्या डोळ्याला जन्मापासून सवय असते की उजेड वरून येतो. फोटोतही डोळा तेच धरून चालतो. पण लाओससारख्या, विषुववृत्ताच्या उत्तरेकडच्या देशात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असतो. नकाशात उत्तर वर ठेवली की फोटोतला उजेड खालून येतो, आणि डोळा फसतो. खड्डा टेकाडासारखा दिसतो आणि टेकाड खड्ड्यासारखं. आम्हाला शिकवताना मास्तर पहिल्या दिवशी फोटो हातात द्यायचे आणि म्हणायचे, सावली तुमच्या पोटाकडे आली पाहिजे, मग उत्तर कुठेही जाऊ दे. आम्ही कागद हातात धरून फिरवायचो. आता सगळं स्क्रीनवर. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो नकाशावर बसवला की उत्तर वर पक्की होते. मग तो फिरत नाही.

"मग खाचरातले खड्डे कसे बरोबर ओळखले?" ग्रेगने विचारलं. प्रश्न बरोबर होता. ग्रेग मूर्ख नाही.

"त्यांत पाणी साठलंय. पाणी काळं दिसतं, ते उलटं धरा नाहीतर सुलटं. माळावर पाणी थांबत नाही. ते खड्डे कोरडे आहेत."

"आणि हे खरंच खड्डे आहेत, आत्ता आपल्याच डोळ्याला भास होत नाही, हे कशावरून?"

मी त्याला माळाच्या कडेचं एक मोठं झाड दाखवलं. झाडाची सावली उत्तरेला पडली होती, म्हणजे सूर्य दक्षिणेला. खड्ड्यात सूर्याकडची भिंत अंधारात राहते. आमच्या प्रत्येक 'वारुळा'चा काळा भाग नेमका दक्षिणेला होता. आणि अजून एक गोष्ट होती, ती तर कुठल्याही बाजूने बघितली तरी दिसायला हवी होती. ती सगळी वर्तुळं एका ओळीत होती. साधारण सारख्या अंतरावर, एकामागोमाग एक.

"वारुळं रांगेत नसतात," मी म्हटलं. "विमानातून टाकलेले बॉम्ब असतात."

फ्रेमबद्दल मग कुणी बोललं नाही.

कॉरिडॉरमध्ये अनिकेतने मला गाठलं.

"काकू, लेबलिंग कॉन्ट्रॅक्टरने केलं, पण रिव्ह्यू माझा आहे. रिपोर्टवर माझं नाव आहे. माझं ग्रीन कार्ड अजून लटकलंय, आता जर यांनी..."

"ते नंतर बघू. रिपोर्ट कधी गेला?"

"नाताळच्या आधी. काकू, सॉफ्टवेअरमध्ये फोटो फिरवायचा ऑप्शनच नाहीये हो."

"मानेला आहे ना?"

बोलून गेले आणि वाईट वाटलं. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. कॉलेजात त्याला कोडिंग शिकवलं, कागद पोटाकडे धरायला कुणी शिकवलं नाही. आणि ज्या बाईने शिकवायला हवं होतं ती सुट्टीवर जायच्या आधी महिनोन्‌महिने त्याच्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये बसून दुसऱ्याच प्रोजेक्टवर काम करत होती.

ग्रेगला पक्का पुरावा हवा होता, आणि तोही लगेच. त्या उपग्रहात दोन कॅमेरे असायचे, एक थोडा पुढे बघणारा, एक थोडा मागे बघणारा. दोघांचे फोटो शेजारी ठेवून खास चश्म्यातून पाहिले की जमीन उठून दिसते, खोल ती खोल, उंच ती उंच. तिथे डोळा फसत नाही. आमच्या लोकांनी पुढच्याच कॅमेऱ्याचा फोटो घेतला होता, कारण सॉफ्टवेअरला एक पुरतो. मी मागच्या कॅमेऱ्याचा उतरवून घेतला, दोन्ही जुळवले आणि चश्मा लावला. माळ माझ्यासमोर उभा राहिला. त्याला देवी आल्यासारखे व्रण होते, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

मी चश्मा काढून अनिकेतला दिला. त्याने बघितलं आणि परत केला.

मला त्या क्षणी उपग्रहाचाच संताप आला. म्हणजे बघा, खड्डे अमेरिकनांनी पाडले. वरून इतका स्वच्छ फोटोही त्यांनीच काढला. मग फोटोला कुलूप लावून बसले, आणि तेवढ्या काळात तिथली मुलं शेतात चेंडू समजून बोंबी उचलत होती. शेवटी कुलूप उघडलं, फोटो आमच्या हातात आला, आणि आम्ही तो उलटा वाचला.

दुपारी लीगलबरोबर, म्हणजे कंपनीच्या वकिलांबरोबर, व्हिडिओ कॉल झाला. लीगलची बाई दुसऱ्या शहरात बसते. सभ्य, हळू बोलणारी. मी पत्राचा मसुदा तयार ठेवला होता, चार ओळींचा. रिपोर्ट चुकीचा आहे. वरचा माळ धोक्याचा आहे. तिथे कुणीही पाऊल ठेवू नये. मशीनवाली माणसं येईपर्यंत जागा बंद ठेवा.

"पाऊल ठेवू नये, हे आपण म्हणू शकत नाही," ती म्हणाली.

"का?"

"जमिनीखाली काय आहे हे आपल्याला माहीत आहे का?"

"नाही."

"मग आपण फक्त आपल्या स्कोपमधलं बोलू. रिपोर्टचा विषय काय होता? बांधकामासाठी खोदाई करायला जागा योग्य आहे का. तर खोदाई थांबवा, असं म्हणू. त्यापुढे गेलो तर उद्या आपण इतर जागांबद्दल का नाही बोललो, असंही विचारतील."

मी वाद घातला. ग्रेगने घड्याळाकडे पाहिलं. तो म्हणाला, "संध्या, हे पत्र आत्ता जाऊ शकतं, किंवा तुझं पत्र पुढच्या आठवड्यात जाऊ शकतं." अनिकेत टेबलाखालून मला खुणावत होता, जाऊ द्या. आणि मला तरी काय वाटलं? धोका कुदळीचा. कुदळ थांबली की झालं. मी हो म्हटलं.

पत्र असं गेलं: पुढील सूचना मिळेपर्यंत सदर जागेवरील सर्व प्रकारचं खोदकाम तात्काळ थांबवावं.

पत्र गेल्यागेल्या मी बुनमीला फोन केला. लीगलने बजावलं होतं की पत्रात आहे तेवढंच वाचून दाखवायचं. मी वाचून दाखवलं. मग न राहवून म्हटलं, "मिस्टर बुनमी, एक कुदळही मारू देऊ नका."

"त्यांनी सुरुवात केली आहे," तो म्हणाला. "भात कापून झाला, लोक मोकळे आहेत. बांबू तोडून झाला. जमीन सपाट करायला लागलेत."

"त्यांना खळगे दिसले नाहीत का?"

"खळगे कुठे नाहीत तिथे? सगळ्या खोऱ्यात आहेत, बुजलेले, गवताने भरलेले. लढाईच्या वेळी सगळे रानात गुहांमध्ये राहत होते. परत आले तोवर सगळीकडे झाडोरा माजला होता. कुठे काय पडलं हे कुणालाच सांगता येत नाही." मग तो म्हणाला, "माझ्या भाच्याला शंका होती. तो म्हणत होता, कागदावर वारुळं लिहिलीत आणि इथे तर एकही वारूळ नाही. पण सेंगने त्याला गप्प केलं."

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाली, हा कागद अमेरिकेतून आलाय. ज्यांनी टाकले त्यांना माहीत असणारच ना, कुठे टाकले ते."

मी पत्रातली ओळ त्याला पुन्हा एकदा वाचून दाखवली.

इकडे अमेरिकेत दुपार टळली की तिकडे दुसऱ्या दिवसाची पहाट होत असते. बुनमीने लगेच फोन लावला. संध्याकाळी त्याचा मला मेसेज आला. सगळं थांबलंय. कुणालाही काही झालेलं नाही. कुदळी घरी गेल्या. थँक यू, मिस संध्या. खाली हात जोडल्याचं चित्र.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जत्रेसारखं वातावरण होतं. ग्रेग स्वतः डोनट्स घेऊन आला. म्हणाला, चुका सगळ्यांकडून होतात, पण चूक वेळेत पकडते ती खरी टीम. टाळ्या झाल्या. अनिकेत माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काकू, तुम्ही नसतात तर काय झालं असतं? मी रात्रभर तोच विचार करत होतो." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटत होतं. आईच्या उशाशी बसून परत आल्यापासून पहिल्यांदाच आपण काहीतरी उपयोगाचं केलं, असं वाटलं. रात्री गाढ झोपले.

पुढच्या आठवड्यात बुनमी ऑफिसात आला. अपॉइंटमेंट नव्हती. बाहेर बर्फ पडत होतं. रिसेप्शनवरून फोन आला म्हणून मी आणि अनिकेत खाली गेलो. तो कोट न काढता सोफ्याच्या कडेवर बसला होता. बुटांखाली बर्फाचं पाणी साचलं होतं. हातात टोपी होती आणि ती तो गोल फिरवत होता.

"सेंग गेली," तो म्हणाला.

आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. त्याने सगळं क्रमाने सांगितलं, एकाही शब्दाला आवाज न चढवता. इतकी वर्षं मुलांना सांभाळून घरी पोचवणाऱ्या माणसाचा तो आवाज होता.

खोदकाम थांबलं होतं. पत्रात होतं तसंच. पण गावातल्या काही लोकांना ते पटलं नव्हतं. इतके दिवस खणलं, काही झालं नाही, आता का थांबायचं? शाळा परत दुसऱ्या गावाला जाईल. दोघातिघांनी ठरवलं होतं की सकाळी लवकर जाऊन थोडं थोडं खणून घ्यायचं. सेंगला ते कळलं. भावाचा निरोप तिच्याकडे आला होता, त्यामुळे जबाबदारी तिची. ती रोज पहाटे माळावर जाऊन बसू लागली, कुणी खणू नये म्हणून. जानेवारीत त्या डोंगरात थंडी असते. म्हातारी बाई. तोडलेल्या बांबूचे तुकडे पडले होते. तिने शेकोटी पेटवली.

बोंबीला कुदळच लागते असं नाही. वर जाळ केला, जमीन तापली, तरी ती फुटते. तिथल्या लोकांना हे माहीत आहे. अशा जागेवर ते चूल मांडत नाहीत. पण त्यांना सांगितलं होतं की फक्त खणू नका. ज्या जागेवर फक्त खणायचं नाही, तिथे बसायला आणि शेकायला काय हरकत आहे?

"तिने तुमचं पत्र पाळलं," बुनमी म्हणाला. "मी तिला शब्दाला शब्द सांगितलं होतं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोसला असता.

अनिकेत तिथून निघून गेला. नंतर कळलं की तो पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून होता, गाडी चालू न करता, त्या थंडीत. मी बुनमीच्या शेजारी बसले. माझ्या मसुद्यात 'पाऊल ठेवू नये' होतं, हे मी त्याला सांगितलं नाही. ते सांगून मी फक्त स्वतःला सोडवलं असतं. शिवाय ते वाक्य मी सोडून दिलं होतं, कारण आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात शेकोटी आली नव्हती. आम्ही हीटर लावलेल्या खोलीत बसून थंडीत बसणाऱ्या बाईला सूचना लिहिली होती.

मग सगळं रीतसर झालं. रिपोर्टची दुसरी आवृत्ती निघाली. माळावर लाल ठिपके आले, एका ओळीत. सॉफ्टवेअरवाल्यांनी फोटो फिरवायचं बटण दिलं. अनिकेतवर कारवाई झाली नाही, पण तो टिकला नाही. आता पार पश्चिम किनाऱ्याकडे, बेलव्ह्यू शहरात असतो, ऑनलाइन दुकानाच्या कसल्याशा कामावर. नकाशाचं नाव काढत नाही. शाळा झाली नाही. जमवलेल्या पैशांतून सेंगचे दिवस केले आणि उरलेले लोकांना परत केले, असं बुनमीने कळवलं.

दुसऱ्या आवृत्तीत एक भर घालायची होती. नियम असा आहे की स्फोट जिथे झाला ती जागा नकाशावर दाखवायची, म्हणजे पुढे येणाऱ्या मशीनवाल्यांना उपयोग होतो. ते काम माझ्याकडे आलं. मी बुनमीला बोलावलं. आम्ही दोघं स्क्रीनसमोर बसलो. त्याने पन्नासेक वर्षांपूर्वीच्या त्या फोटोत बांबूचं बेट शोधलं, त्याच्या खालची पायवाट शोधली, आणि बोट ठेवलं. मी तिथे क्लिक केलं. लाल त्रिकोण उमटला.

"इथे तिचं नाव लिहाल?" त्याने विचारलं.

मी त्या त्रिकोणाच्या माहितीचा तक्ता उघडून बघितला. तारखेचा कॉलम होता. स्फोटाच्या प्रकाराचा होता. जखमी किती, मृत किती, याचा होता. नावाचा नव्हता. नवा कॉलम टाकायची परवानगी माझ्या लॉगिनला नव्हती. मी त्याला तसं सांगितलं. त्याने मान डोलावली आणि टोपी घातली. गावातून पळताना सेंगने त्याला नदीपर्यंत पाठीवर नेलं होतं, हे त्याने जाता जाता दारात सांगितलं.

नवीन मुलं कामावर आली की ट्रेनिंगचा पहिला तास आता माझा असतो. मी त्यांना दोनच गोष्टी शिकवायचे. एक, फोटो असा धरा की सावली तुमच्याकडे येईल, उत्तर कुठेही जाऊ दे. दोन, धोक्याचं कळवताना काय करू नका याची यादी करत बसू नका, माणसांना तिथून उठा म्हणून सांगा.

दुसरी गोष्ट आपल्या स्कोपमध्ये येत नाही, म्हणून लीगलने ती ट्रेनिंगमधून काढून टाकली आहे.